बरणीतले केस

मच्छिंद्रला यातून मिळणार होती अकरा गुंठे जमीन, रस्त्याला लागून, विहिरीसकट. खर्च म्हणाल तर एका महाराजाची महिनाभराची जेवणं आणि सरुबाईंची, म्हणजे त्याच्या विधवा भावजयीची, एक सही. नारळ माझ्या दुकानातले होते, तेव्हा माझंही पान अगदी कोरं नव्हतं.

आमची वस्ती पुणे महापालिकेत आली, नळाचं पाणी अजून यायचंय. गुरुवारी मात्र महाराजांना बघायला आलेल्यांमुळे विहिरीवर पाय ठेवायला जागा नसे. सरुबाईंची लेक संस्कृती दोन वर्षांपूर्वी पाय घसरून याच विहिरीत गेली. त्यानंतर पाणी जे गढूळ झालं ते झालंच. आठवडाभर भरून ठेवा, निवळायचं नाव नाही.

बद्रीनाथ महाराज काचेच्या बरणीत ते पाणी घेत, कुपीतून चार थेंब तीर्थ सोडत आणि काडीने ढवळत. मग बरणीत धागे दिसू लागत. करडे, लांब, एकमेकांत गुंतलेले. डोलत डोलत ते तळाशी जात आणि वर नितळ पाणी उरे.

"केस ओळखलेत का, माई?" महाराज विचारीत.

सरुबाई बरणीला गाल लावत. "त्या दिवशी येणी घालायची ऱ्हायली व्हती," एवढंच म्हणत. खोटं कशाला सांगू, केस मलाही दिसले. दुकान बंद करताना मी विहिरीकडे बघणं सोडलं होतं.

चौथ्या गुरुवारी महाराजांनी सांगितलं, "पाव आत्मा सुटला. उरलेला जमिनीच्या पाशात अडकलाय. आईने हक्क सोडला की पोर मोकळी."

"मला जमिनीचा लोभ नाय, वहिनी," मच्छिंद्र म्हणाला. हक्कसोडपत्र खिशात तयार होतं. पेनही नवं होतं.

सरुबाईंनी पेन घेतलं, तेवढ्यात त्यांची भाडेकरू शेफाली पुढे आली. ही लोणी काळभोरच्या बाजूला रसायनांच्या कारखान्यात केमिस्ट.

"महाराज, चार-चार थेंबांनी पाव आत्मा सुटला ना? मग अख्खी कुपी ओता. मावशींना सही करायला नको."

"आगाव बोलू नगंस," मच्छिंद्र म्हणाला. पण गर्दीला हिशेब पटला होता. "ओता की महाराज. कमी पडंल व्हय तुमाला?"

महाराजांना प्रवचन पाठ होतं, माल माहीत नव्हता. नव्या बरणीत त्यांनी कुपी उपडी केली, ढवळलं. आम्ही वाट पाहिली. धागे आले नाहीत. पाणी गढूळ ते गढूळच राहिलं.

"तिची आज इच्छा नाही," महाराज म्हणाले.

"इच्छा माझ्या पिशवीत आहे," असं म्हणत शेफालीने दोन बाटल्या काढल्या. एकीत गढूळ पाणी होतं. दुसरीतले चार थेंब तिने त्यात टाकून ढवळलं. केस आले, तळाशी गेले. "हे शेजारच्या बांधकामाच्या खड्ड्यातलं पाणी. खड्डा परवा खणलाय, मच्छिंद्रकाका. यात कोण बुडालं?"

मच्छिंद्र कागदाची घडी घालू लागला.

"दोन वर्षं चाललेल्या त्या बांधकामाची बारीक माती विहिरीत झिरपते," ती म्हणाली. "मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. कण एकमेकांना ढकलत राहतात, म्हणून खाली बसत नाहीत. आम्ही कारखान्यात धन भार असलेले छोटे रेणू बनवतो, त्यांचा दुहेरी बंध उघडून हजारोंची एकेक साखळी जोडतो. सांडपाणी निवळायला ती विकतात; महाराजांचं तीर्थ म्हणजे तीच. साखळी कणांना बांधते, गठ्ठे होतात, बसतात. जास्त ओतलंत तर प्रत्येक कणावर धन भार चढतो आणि ते पुन्हा एकमेकांना ढकलतात. आत्मा असता तर जास्त तीर्थाने लवकर सुटला असता."

महाराज चपला शोधू लागले.

सरुबाई बरणीकडेच बघत होत्या. "म्हंजी ती कंदीच आली नव्हती?"

"नाही, मावशी," शेफाली म्हणाली आणि तिने बाटल्या पिशवीत सारल्या.

सरुबाईंनी बरणी ओतली, घासली, पालथी घातली.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगतो. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी दुसरी बरणी मागा. शेजारी कागद असेल तर तो आधी वाचा.

आता जमाखर्च. महाराजांची कुपी गेली, मच्छिंद्रची जेवणं गेली, माझे नारळ पडून राहिले. जमीन सरुबाईंकडेच आहे. त्याची किंमत म्हणून चार गुरुवार परत भेटलेली लेक तेवढी त्यांनी पुन्हा गमावली.