बाबांच्या नावावरचं वाक्य

बाबा गेले तेव्हा मी हॉलंडमधल्या एका विद्यापीठात जागतिक नागरिकत्व शिकत होते. तीन आठवड्यांचा उन्हाळी कोर्स. ते गेल्याचं मला अकराव्या दिवशी कळलं, विमानतळावरून पनवेलला येताना, गाडीत.

"आधी सांगितलं असतं तर कोर्स टाकून आली असतीस," निकेश म्हणाला. माझा धाकटा भाऊ. अग्नी त्यानेच दिला होता.

त्याहून वाईट ते त्याने घरी पोचल्यावर सांगितलं. इतके दिवस बाबांच्या फोनवरून मला उत्तरं तोच देत होता.

बाबा कधी टाइप करत नसत; बोलून पाठवत, मागे कोंबड्यांचा कलकलाट. मग एकाएकी लिहिलेले निरोप यायला लागले. 'घसा बसलाय.' मी मानलं.

कोर्समध्ये एक काम दिलं होतं. घरातल्या मोठ्या माणसाला विचारायचं: तुम्ही कुठले? उत्तर आलं, 'समुद्राला सीमा नसते, तशी माणसालाही नसते. मी साऱ्या जगाचा.' मिठागरात हयात घालवलेल्या माणसाचं वाक्य म्हणून मी ते वर्गात वाचलं. टाळ्या पडल्या. दूरच्या माणसाचं ऐकून घेणं हाच नागरिकत्वाचा पाया, असं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. मी प्रश्न पाठवला तेव्हा बाबांना जाऊन चार दिवस झाले होते.

"कुठून आणलंस ते वाक्य?"

"सुचलं. तुला मार्क मिळावेत म्हणून."

"बाबा असं बोलतील?"

"मग तुला कसं खरं वाटलं?"

इतकी पुस्तकं वाचून मला माझ्या बापाचं बोलणं ओळखता आलं नव्हतं. त्यांना कुणी 'कुठले?' विचारलं तर ते आधी गावाचं नाव सांगत, मग मिठागराचं, मग त्यावर भराव कुणी टाकला त्याचं, शिवीसकट.

दुसऱ्या दिवशी, बाराव्याला, निकेशने आधीच छापायला दिलेला फ्लेक्स फाटकावर लागला. बाबांचा फोटो, 'कै. बळीराम', आणि खाली तेच वाक्य. आनंदामामा मोठ्याने वाचत होते.

"बळीराम असा बोलायचा? आमाला तर नुसत्या शिव्या!"

दोघं-तिघं हसले.

"काढ तो," मी निकेशला म्हटलं.

"ताई, लोक आलेत. तमाशा नको."

मी खुर्ची ओढली, कात्री घेऊन वर चढले आणि सुतळी कापली. आई धावत आली. मला वाटलं, ओरडेल.

"नीट उतरव. त्यांचा तोंड हाय त्यावर."

फ्लेक्स ओटीवर पसरला. वाक्य बाबांच्या शर्टाच्या शेवटच्या बटणाखाली सुरू होत होतं. मी त्याच्या वरून आडवी कात्री लावली, पण फ्लेक्स सुरकुतत होता, कात्री वाकडी जात होती.

"ताणून धर."

निकेश उभाच.

"निकेश. धर."

तो गुडघ्यांवर बसला. त्याने पलीकडची कड दोन्ही हातांनी ताणून धरली. मी कापत गेले. त्याच्या बोटांपाशी पोचले तरी थांबले नाही; बोटं त्यालाच मागे घ्यावी लागली.