दुपारची गोफण

महिला दिनाला कारखान्यात नऊवारी नेसून आपल्याला गोफण फिरवायची आहे, हे राजाबाईला आदल्या संध्याकाळी कळलं. तेही भाकरी थापताना. माउलीनं दारात बूट काढता काढता सांगितलं, गॅसचा नंबर लावल्याचं सांगावं इतक्या सहज.

"मालकाला शब्द दिलाय मी."

राजाबाईच्या हातातली भाकरी तव्यावर वेडीवाकडी पडली. "कुणाला इचारून?"

"त्यात इचारायचं काय? रोज फिरवतीस की. लोकांनी बघितली म्हणून झिजती व्हय गोफण?"

नवऱ्याचं नाव माउली. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात तो पॅकिंगचा सुपरवायझर होता. माणूस दारू पीत नव्हता, हात उचलत नव्हता आणि एवढ्या दोन गोष्टींवर बायकोनं जन्मभर समाधानी राहावं असं त्याचं प्रामाणिक मत होतं. राजाबाईनं भाकरी उलटली. ती एका बाजूनं करपली होती. तीच तिनं त्याच्या ताटात वाढली.

गोफण तिच्या हातात आली त्याला फार दिवस झाले नव्हते. त्याआधी तिच्याकडे नुसती दुपार होती.

मुलगी सोनम नोकरीला पुण्याला गेली आणि शुक्रवार पेठेतल्या माडीवरच्या दोन खोल्यांत करण्यासारखं काही उरलं नाही. धुणंभांडी आटोपली की ऊन चढायचं, खाली गल्लीत शटरं अर्धी ओढली जायची आणि राजाबाई भिंतीला टेकून बसायची. कंटाळ्यानं माणसाला झोप येते म्हणतात. हिला चीड यायची. पंख्याचा आवाज आला की चीड, बंद पडला की चीड. आणि जो तो तिला औषध सांगायचा. सोनमनं पुण्याहून रंग भरायची वही आणि पेन्सिलींची पेटी पाठवली. "मम्मी, इथं सगळ्या बायका करतात. मन शांत होतं." राजाबाईनं अर्धा मोर रंगवला. दुसऱ्यानं काढलेल्या रेघेच्या आत राहायचं, बाहेर जायचं नाही, हे तर ती घरात करतच होती. तिनं पेन्सिल इतकी दाबली की टोक मोडून कागद फाटला. खालच्या मजल्यावरची अक्कम्मा तिला भजनी मंडळात घेऊन गेली. तिथं दोघी बायका माइकवरून भांडत होत्या. माउली म्हणाला, "टीव्ही बघ की. तेवढ्यासाठीच घेतलाय."

एक काम मात्र तिच्या गळ्यात होतं. माउलीला आम्लपित्ताचा त्रास, त्याला गरम भाकरीच लागायची. म्हणून ती भरउन्हात शेअर रिक्षानं एमआयडीसीत डबा पोचवायची. या कामाचाही तिला राग होता. त्या रस्त्याला सावली नाही. रिक्षातून उतरलं की दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट आणि पुढं धूळ.

थंडीत तिचा धाकटा भाऊ बिरुदेव मेंढरं घेऊन माळशिरसकडून आला. कारखान्यांच्या पलीकडच्या रानात त्यानं कळप बसवला होता. डबा दिल्यावर त्याच्यासाठी वेगळ्या फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या घेऊन ती गेली. दोघं बोलत होते तेवढ्यात चार मेंढरं शेजारच्या हरभऱ्याकडे वळली. बिरुदेवानं बोलणं न थांबवता कमरेची गोफण सोडली, डोक्यावरून फिरवली आणि दगड नेमका मेंढरांच्या पुढ्यात पडला. मेंढरं मुकाट माघारी वळली.

"दे हिकडं," राजाबाई म्हणाली.

"आक्का, तुला येत न्हाय."

ते खरंच होतं, म्हणूनच तिला झोंबलं. लहानपणी ज्वारी राखायला दोघं माळ्यावर चढायची. गोफण बिरुदेवाकडे, वयानं लहान असून. हिच्या हातात फुटका पत्रा आणि काठी. पाखरं आली की हिनं पत्रा बडवायचा. एकदा तिनं बापाकडे गोफण मागितली होती. बाप म्हणाला, "पोरीला काय करायचीय?" ती आणखी जोरात पत्रा बडवत राहिली.

बिरुदेवानं तिच्या बोटात गोफणीच्या एका टोकाची कडी अडकवली, दुसरं टोक चिमटीत धरायला सांगितलं आणि मधल्या विणलेल्या पट्टीत लिंबाएवढा दगड ठेवला. "फिरव. अन् चिमूट सोड."

तिनं सोडली. दगड मागं गेला. मेंढरं उधळली, कुत्रं केकाटलं आणि बिरुदेव हसता हसता खाली बसला. "आगं, लांडगा परवडला मला!"

"हसू नको."

"हसू नको तर काय करू? तुझ्या म्होरं उभं राहिलं तर भ्या न्हाय, मागं उभं राहिलं तर मराण!"

दुसरा दगड तिच्या पायाशी पडला. तिसरा कुठं गेला दोघांनाही दिसलं नाही. जाताना तिनं गोफण घडी करून पिशवीत टाकली.

"आन् मी काय करू?" बिरुदेव म्हणाला.

"तू दुसरी वळ. तुला येती."

कारखान्याच्या कुंपणालगत एक मोकळा प्लॉट होता. वेडी बाभूळ, विटांचा ढीग आणि पार पलीकडच्या टोकाला गंजलेला लोखंडी पिंप. डबा दिला की राजाबाई तिथं जाऊ लागली. पहिले कित्येक दिवस दगड कुठंही जात. खांदा असा दुखायचा की रात्री कूस बदलता येत नसे. माउलीला तिनं हे सांगितलं नाही, त्यानं विचारलंही नाही. हळूहळू तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. रागाच्या भरात सोडलेला दगड डावीकडे जातो. चिमूट आधी सुटते. म्हणजे दगड सरळ जायचा असेल तर राग थोडा वेळ खाली ठेवावा लागतो, चप्पल काढून ठेवावी तसा. ती चप्पलही काढून ठेवायची.

आणि एका दुपारी पलीकडून ठण्ण असा आवाज आला. सुटलेल्या टोकाचा कडाका आधी, मग क्षणभर काहीच नाही आणि मग पिंपाचा ठणका. राजाबाई एकटीच मोठ्यांदा हसली. आपलं हसणं असं असतं हे ती विसरली होती. त्या दिवसापासून सकाळी डोळा उघडला की तिला आधी दुपार आठवायची. गोफणीतून काही मिळत नव्हतं, कुणाचं पोट भरत नव्हतं, कुणी शाबासकी देत नव्हतं. त्या एका तासात ती कुणाची कुणीच नसायची. एवढंच तिला हवं होतं आणि तेवढंच मिळत होतं.

मग वॉचमननं माउलीला सांगितलं, "साहेब, वहिनी प्लॉटात दगडं मारतात." माउली तावातावानं निघाला आणि कुंपणाशी आल्यावर त्यानं ओरडायच्या ऐवजी मोबाईल काढला. पाठमोरी राजाबाई, फिरणारी गोफण, पिंपाचा आवाज. 'माझी वाघीण' असं लिहून त्यानं ते स्टेटसला ठेवलं. संध्याकाळपर्यंत ते भावकीत फिरलं. सोनमचा फोन आला. "मम्मी, भारी! आपण पेज काढू. क्लास घे ना तू, पुण्यात अशा गोष्टींना लई मागणी आहे."

"मला न्हाय घ्यायचा क्लास."

"अगं, पण मग उपयोग काय?"

राजाबाईनं फोन ठेवला. उपयोग! या घरात तिच्या प्रत्येक गोष्टीचा उपयोग झाला होता. एक गोष्ट बिनउपयोगाची मिळाली, तर तिच्यावरही सगळे चमचे घेऊन बसले.

स्टेटस मालक अण्णाराव यांनीही पाहिलं. त्यांची सून पूनम दर वर्षी कारखान्यात महिला दिन करायची. या वर्षी तिला नवीन काहीतरी हवं होतं. माउली हो म्हणून बसला.

"मी येनार न्हाय," करपलेली भाकरी वाढून राजाबाई म्हणाली.

"बोर्डावर नाव छापलंय तुझं. माझी काय शोभा करायचीय का? एक दिस, पाच मिनटं. तेवढं बी हुईना तुझ्याच्यानं?"

ती गेली. हा राग तिला पुढं बराच काळ पुरला, की आपण गेलो.

पॅकिंगच्या शेडमध्ये टॉवेलचे गठ्ठे बाजूला सारून खुर्च्या मांडल्या होत्या. कामगार बायका मागं सतरंजीवर, पाहुणे पुढं सोफ्यावर. भाड्यानं आणलेली नऊवारी राजाबाईला नेसवली गेली, नाकात चापाची नथ अडकवली गेली. फलकावर तिच्या नावाआधी 'रणरागिणी' लिहिलं होतं. हाताच्या अंतरावर एक रंगवलेलं मडकं टांगलं होतं, इतकं जवळ की लाटण्यानं फोडता आलं असतं.

पूनमनं तिच्या हातात पिवळा स्पंजचा चेंडू दिला. "ताई, दगड नको हं. पाहुणे बसलेत. आणि जोरात नका फिरवू. नुसतं कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. मडकं आम्ही मागून दोरीनं पाडतो."

"मडकं तुमी पाडनार?"

"हो ना. सेफ्टी."

राजाबाईनं चेंडू दाबून पाहिला. तो तिच्या मुठीत नाहीसा झाला. समोर माउली नव्या शर्टात उभा होता, मोबाईल आधीच वर धरलेला. माइकवर कुणीतरी तिच्या संघर्षाबद्दल बोलत होतं. कसला संघर्ष, हे तिलाही ऐकायचं होतं, पण ते कुणी सांगितलं नाही. टाळ्या पडल्या.

तिनं चप्पल काढली नाही. ती सरळ माउलीकडे गेली, त्याच्या हातातला मोबाईल काढून घेतला आणि तिथं गोफण आणि चेंडू ठेवला.

"शब्द तुमी दिलाय. तुमीच फिरवा."

"ए, काय करतीस? लोकं बघत्यात!"

"त्यासाठीच आनलंय की मला."

मागच्या सतरंजीवरून एक बाई ओरडली, "व्हय व्हय, सुपरवायझर, फिरवा की!" सगळ्या बायकांनी ते उचललं. रोज हजेरीला ओरडणारा माणूस त्यांना असा पुन्हा सापडणार नव्हता. अण्णारावही हसत म्हणाले, "अरे फिरव माउली, धनगराचा ना तू?"

माउलीनं फिरवली. त्याचा जन्म सोलापुरातला, बाप गिरणीत. गोफण त्यानं लग्नाच्या फोटोतसुद्धा धरली नव्हती. चेंडू मागं उडाला आणि चहाच्या थाळीत पडला. पेले आडवे झाले, पाहुण्यांच्या पांढऱ्या पँटीवर चहा सांडला. मागून दोरी ओढणाऱ्याला काही कळलं नाही. त्यानं ठरल्याप्रमाणे दोरी ओढली आणि मडकं आपलं आपण फुटलं. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. राजाबाई हसली नाही. तिनं गोफण उचलली, नथ काढून त्याच्या मोबाईलसोबत टेबलावर ठेवली आणि बाहेर पडली.

घरी आल्यावर माउलीचा आवाज गल्लीभर गेला. "इज्जत घालवलीस माझी! मालक आता नावानं हाक मारीना, 'गोफण' म्हनतोय!"

"तुमची इज्जत एका चेंडवानं गेली. माझा तास तुमी न इचारता वाटून टाकला, त्याचं काय?"

"कसला तास? कुनाचा तास? माझा डबा आनायच्या नावाखाली जातीस तू तितं!"

 ते खरं होतं. माउलीच्याही ते ध्यानात आलं आणि त्याचा आवाज एकदम खाली आला, थंड झाला. "उद्यापास्नं डबा सकाळीच घिऊन जातो. गार खाईन. तुला एमआयडीसीत यायचं कामच न्हाय." आणि तो समाधानानं पाय धुवायला गेला.

सकाळी तिनं डबा भरून दिला. माउलीनं तो गाडीला अडकवला आणि वर एकदा पाहिलं. ती खिडकीत नव्हती.

धुणं झालं, भांडी झाली. ऊन चढलं, खालची शटरं अर्धी खाली आली. राजाबाई भिंतीला टेकून बसली. पंखा कुरकुरत होता. आजवर ती या घरातून विनाकारण कधी बाहेर पडली नव्हती. डबा, दळण, दवाखाना, देऊळ, हातात काहीतरी असायचंच. आता हातात काही नव्हतं, आणि पाय उंबऱ्यापाशी अडत होते. तिला स्वतःचाच असा संताप आला की ती उठली, गोफण कमरेला बांधली, पदरानं झाकलीसुद्धा नाही आणि जिना उतरली.

खाली अक्कम्मा चिंच फोडत बसली होती. "आज डबा नाही?"

"न्हाय."

"मग कुठं चाललीस गं या उन्हात?"

"दगडं मारायला."

अक्कम्मानं हातातली चिंच खाली ठेवली. "कुणाला?"

"कुनाला न्हाय. नुसतीच."

अक्कम्मानं तिच्या कमरेची गोफण पाहिली. मग म्हणाली, "टोपी तरी घाल." राजाबाईनं डोक्यावरून पदर घट्ट ओढला आणि रिक्षा थांबवली.

जेवणाची सुट्टी झाली होती. कुंपणाशी कामगार बायका डबे उघडून बसल्या होत्या, त्यांनी तिला पाहून एकमेकींना कोपरं मारली. राजाबाईनं चप्पल काढली, दगड निवडला. पहिला डावीकडे गेला. दुसराही डावीकडे.  तेवढ्यात गार भाकरीचा घास तोंडात तसाच ठेवून माउली आत आला आणि पिंपाच्या पुढ्यात, तिच्या बरोबर समोर उभा राहिला.

"चल घरी. सगळे बघत्यात."

"बघू द्या."

"कामाला आली न्हाईस, डबा आनला न्हाईस. कशाला आलीस मग?"

"हेच्यासाठी."

"हे काय काम हाय?"

"न्हाय," राजाबाई म्हणाली. "म्हनून तर आले." तिनं पट्टीत दगड ठेवला. "बाजूला सरा. सुटलेल्या दगडाला नवरा कळत न्हाय."

गोफण फिरू लागली. एक फेरा, दुसरा. ती त्याच्याकडे पाहत नव्हती, त्याच्या मागच्या पिंपाकडे पाहत होती. माउलीनं तिचा चेहरा पाहिला, तोंडातला घास गिळला आणि बाभळीच्या काट्यांत पाय टाकत बाजूला सरला.

तिनं चिमूट सोडली.