डाइक लीगचा एकच मोसम

२०२०च्या उन्हाळ्यात हाल्डरवेनच्या वाउटरने शेजारच्या तीन गावांना फोन केले आणि बेसबॉलची एक लीग उभी राहिली. नेदरलँड्समधल्या आर्नहेम शहरापासून थोडी लांब, नदीच्या बांधाला लागून असलेली ही चार गावं. बांधाला तिकडे डाइक म्हणतात, म्हणून नाव पडलं डाइक लीग. करोनामुळे त्या वर्षीच्या नेहमीच्या स्पर्धा रद्द झाल्या होत्या. मग जे सापडले ते खेळले. निवृत्त शिक्षक, गाईवाले शेतकरी, दोन नर्सेस, एक पाद्रीसुद्धा. चषक म्हणून कुणाच्या तरी गोठ्यातली दुधाची जुनी किटली निळी रंगवली.

मृदुला त्यात ओढली गेली ती वाउटरमुळेच. चौऱ्याहत्तर वर्षांचा हा निवृत्त पोस्टमन आणि त्याची बायको त्रुस तिच्या भिंतीला भिंत लावून राहायचे. मृदुलाचे वडील पुण्यात क्लब क्रिकेटचे स्कोअरर होते, हे एकदा कुंपणावरून बोलता बोलता निघालं. दुसऱ्याच दिवशी वाउटरने एक कोरं स्कोअरबुक आणून तिच्या हातात ठेवलं.

"मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही," ती म्हणाली.

"मोजता येतं ना? बाकीचं मी सांगतो."

नवऱ्याच्या, अंबरीशच्या नोकरीमागे ती चार वर्षांपूर्वी इथे आली होती. तेवढ्या काळात तिला नावाने ओळखणारी माणसं म्हणजे सुपरमार्केटमधली एक बाई आणि डॉक्टर. आता दर रविवारी ती मैदानाच्या कडेला फोल्डिंगच्या टेबलाशी बसायची आणि माणसं आपणहून येऊन बोलायची. मैदानावरच्या प्रत्येक जागेला एक आकडा असतो, हे ती शिकली. बॉल कुणाकडून कुणाकडे गेला आणि माणूस कसा बाद झाला, हे तीन आकड्यांत लिहायला शिकली. ऑगस्ट संपेपर्यंत पंचही अडले की तिच्याकडे बघायला लागले. बारा रविवार, चोवीस सामने. जे तिने पाहिले नाहीत त्यांचेही कागद तिच्याकडेच यायचे.

फायनल सत्तावीस सप्टेंबरला होती. त्याआधीच्या शुक्रवारी वाउटरच्या स्वयंपाकघरात बसून दोघांनी मोसमाची आकडेमोड पुरी केली. फायनल हाल्डरवेनने सात-सहा अशी जिंकली आणि शेवटचा माणूस बाद झाला तसा पाऊस कोसळला. सगळे मैदानालगतच्या गावच्या क्लबच्या कँटीनमध्ये घुसले. खिडक्या लावून घेतल्या. मृदुलाने ऐंशी बटाटेवडे तळून नेले होते, ते फस्त झाले. मग वाउटरने तिला खुर्चीवर उभं केलं आणि ती वीस मिनिटं मोठ्या आवाजात एकेकाची कामगिरी वाचत गेली. सगळे तिच्याभोवती दाटीवाटीने उभे राहून ओरडत होते. इतक्या टाळ्यांची धनी ती आयुष्यात कधी झाली नव्हती.

मंगळवारी तिने वरणाला फोडणी दिली आणि मोहरी करपून काळी झाली तरी तिला वासच आला नाही.

शुक्रवारी रिपोर्ट आला. आरोग्य खात्यातल्या बाईचा फोन आला. "रविवारी कुणाकुणाच्या जवळ होतात?"

"सदतीस जणांच्या," मृदुला म्हणाली.

नावं आणि नंबर फक्त तिच्याकडे होते. म्हातारी माणसं अनोळखी नंबर उचलत नाहीत, म्हणून तिने स्वतःच फोन केले. स्कोअरबुक पुढ्यात घेऊन, फलंदाजीच्या क्रमाने. "सॉरी, मी पॉझिटिव्ह आहे." सदतीस वेळा. वाउटरकडे फोन त्रुसने उचलला. मृदुलाला हुंदकाच आवरेना. "मला माफ कर, त्रुस," ती म्हणाली. त्रुस एवढंच म्हणाली, "बरं."

अकरा जण आजारी पडले. पहिल्या बेसवर खेळणारा योस्ट एकोणीस दिवस हॉस्पिटलमध्ये होता. वाउटर एकवीस ऑक्टोबरला गेला. अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी होती. मृदुलाने तो भिंतीच्या अलीकडे बसून लॅपटॉपवर पाहिला.

पुढच्या वर्षी लीग झाली नाही. तिसऱ्या वर्षी कुणी विषयही काढला नाही. मृदुला त्रुसच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढायची, आठवड्याची खरेदी आणून द्यायची. त्रुस थँक्यू म्हणायची आणि दार लावून घ्यायची.

२०२२मध्ये क्लबला पंचाहत्तर वर्षं झाली. स्मरणिकेत डाइक लीगवर दोन पानं कोण लिहिणार? कागद जिच्याकडे, तीच. मृदुलाने सगळं लिहिलं. सामने, किटली, पाऊस. आणि शेवटी लिहिलं, की आजार माझ्याकडून पसरला. वाउटरचा उल्लेख होता म्हणून छापायला देण्याआधी ती पानं त्रुसला दाखवायला गेली.

त्रुसने वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे खरं नाही," ती म्हणाली. "म्हणजे, खरं आहे की नाही ते कुणालाच माहीत नाही. वाउटरला गुरुवारपासून ताप होता. शुक्रवारी तू इथे बसली होतीस तेव्हाही. गोळी घेऊन बसला होता. टेस्ट कर म्हटलं तर म्हणाला, रविवार होऊ दे. फायनल रद्द झाली असती ना."

मृदुलाने टेबलावरची पानं आपल्याकडे ओढली.

"आणि मी फोन केला तेव्हा?" तिने कसंबसं विचारलं. "मी रडत होते, त्रुस."

"हो."

"का नाही सांगितलंस?"

त्रुसने नजर चुकवली नाही. "मला वाटलं, तुम्ही आज ना उद्या आपल्या देशात परत जाल. मला याच गावात मरायचंय. आणि त्यालाही याच गावात पुरायचं होतं."

मृदुला उठली. दारापर्यंत जाऊन ती वळली. "मी हे लिहिणार नाही. बुधवारी क्लबची मीटिंग आहे. तू स्वतः येऊन सांगायचंस."

घरी येऊन तिने अंबरीशला सांगितलं. तो ताडकन उठला, जाऊन जाब विचारतो म्हणाला. "बस खाली," ती म्हणाली. तिला अजून रागही आला नव्हता. नुसता धक्का बसला होता. दोन वर्षं! दोन वर्षं तिने कुणाच्या घरी पाऊल ठेवलं नव्हतं. वडे तर त्या दिवसापासून तिने तळलेच नव्हते.

त्रुस येणार नाही अशी तिची खात्री होती. ती आली. कोटसुद्धा न काढता उभी राहिली आणि ताप, शुक्रवार, गोळी, सगळं बोलून खाली बसली. योस्ट उठून बाहेर निघून गेला.

परत आला तो सरळ मृदुलासमोर. "सुपरमार्केटमध्ये तू दिसलीस की मी दुसऱ्या रांगेत जायचो," तो म्हणाला. "दोन वर्षं."

हे तिला माहीतच नव्हतं. त्याने आपल्याला पाहिलं नसेल, असंच तिला प्रत्येक वेळी वाटलं होतं. कँटीनमधल्या बाकीच्या चेहऱ्यांकडे तिने एकेक करून पाहिलं, आणि कितीतरी जणांनी खाली मान घातली.

स्मरणिकेत दोन पानं आली. शेवटचा परिच्छेद तिने बदलला: अकरा जण आजारी पडले, वाउटर गेला, सुरुवात कुणापासून झाली ते ठाऊक नाही, आणि वाउटर आणि मी, दोघांना त्या रविवारी घरी राहता आलं असतं, पण तापाचं आमच्यातल्या एकालाच माहीत होतं. क्लबच्या अध्यक्षांनी हे शेवटचं वाक्य गाळायला सुचवलं. त्रुस म्हणाली, राहू द्या.

बर्फ पडला की त्रुसच्या पायऱ्या आता मृदुलाऐवजी योस्ट साफ करतो.