डाव्या हाताची किटली

थोरली तीन वर्षं चित्रकलेच्या वर्गाला जात होती. खिडकीजवळचं टेबल तिचं, भिंतीवर लागणारी चित्रं बहुतेक तिचीच. घरात दोघी जावा. स्वयंपाक, आलंगेलं, बोलणंचालणं, सगळ्यात धाकटी सरस, हे थोरलीने केव्हाच सोडून दिलं होतं. वर्ग मात्र तिचा एकटीचा होता.

मग धाकटीला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिचा उजवा हात लुळा पडला. डाव्या हाताला वळण लागेल असं काहीतरी तिला करू द्या, असं सहा महिन्यांनी डॉक्टरांनी सुचवलं. दिरांनी तिला वर्गाला न्यायची थोरलीलाच गळ घातली. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

पहिल्या दिवशी धाकटीचा कागद टेबलावर सारखा सरकत होता आणि बाकीचे तिच्याकडे न बघण्याची पराकाष्ठा करत होते. शिकवणाऱ्या बाईंनी ते पाहिलं. पुढच्या वर्गात त्यांनी सांगून टाकलं, की महिनाभर प्रत्येकाने आपल्या सवयीचा नसलेला हात वापरायचा. त्या स्वतःही तेच करणार होत्या.

समोर किटली ठेवली होती. थोरलीच्या कागदावर तिचा बटाटा झाला. वर्गातले निवृत्त पोस्टमन स्वतःच्या चित्रावर खदखदून हसले, शिंपीणबाईंनाही मजा वाटली. थोरलीला मात्र घाम फुटला. शेजारची धाकटी सहा महिने डाव्या हाताने हुक लावत, भाजी निवडत आली होती. तिची रेघ डुगडुगत का होईना, जायची तिथेच जात होती. बाई तिच्यामागे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, बघा, ही आधी नीट बघते, मग काढते. तीन वर्षांत थोरलीच्या वाट्याला हे वाक्य कधी आलं नव्हतं. ते तिला दिवसभर सलत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने खोलीचं दार लावून घेतलं आणि उजव्या हाताने किटली काढली. संशय नको म्हणून तोटी मुद्दाम जराशी वाकडी ठेवली. पुढच्या वर्गात तिने ते डाव्या हाताचं म्हणून दाखवलं आणि बाईंनी कौतुकाने भिंतीवर लावलं.

घरी परतताना जिन्यात धाकटी दम घ्यायला थांबली.

“ताई, ती किटली उजव्या हाताची आहे.”

“कशावरून?”

“सावलीच्या रेघा बघा. माझ्या डावीकडे कलतात, काही केलं तरी. तुमच्या उजवीकडे कलल्यात. मी कुणाला सांगणार नाही.”

तिचं ते सांभाळून घेणं थोरलीला जास्त झोंबलं. इतक्या वर्षांचं तोंडून निघून गेलं. “एवढी एक जागा माझी होती. तीही तुला हवी?”

धाकटी कठड्याला टेकली. “मी मागितली नव्हती. पण खरं सांगू? घरात, वर्गात, सगळे मला जपतात. तुम्ही एकट्याच माझ्यावर जळता. मला त्याचं बरं वाटतं.”

थोरलीने धाकटीच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली.

पुढच्या वर्गात तिने बाईंना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी टाचण्या काढून चित्र परत दिलं आणि खरं कुठाय, एवढंच विचारलं. थोरलीने बटाटा पुढे केला. तो भिंतीवर लागला तेव्हा तिचे कान तापले. मग उजवा हात मांडीवर ठेवून तिने धाकटीलाच विचारलं, कागद सरकू नये म्हणून काय करतेस. धाकटीने तिला कागदाच्या कडेवर कोपर रोवायला शिकवलं. रेघ ओढताना हाताकडे नाही, किटलीकडे बघायचं, हेही सांगितलं.

महिना संपला, सगळे आपापल्या हातावर परतले. थोरली डाव्यानेच काढत राहिली. बाईंनी कारण विचारलं, तेव्हा तिने शेजारच्या कागदाकडे मान केली.

“अजून हिच्याइतकं जमत नाही,” ती म्हणाली, आणि त्यात कौतुक थोडं होतं, चरफड बरीच होती.