टर्की मागितली, टॉवेल दिला

मी टर्किश टॉवेल बोलतोय. नावावर जाऊ नका, तुर्कस्तान मी पाहिलेला नाही. जन्म सोलापूरचा आणि सारं आयुष्य घाटकोपरच्या भटवाडीत गेलेलं. पांढऱ्या अंगावर गुलाबी पट्टे, दोन्ही टोकांना झालर. एकेकाळी मी असा गुबगुबीत होतो की घडी घालताना दोन हात लागायचे. आता माझ्यातून पलीकडचं दिसतं. तरी बोलू द्या, कारण मला गप्प बसवत नाही, आणि एका जागी तर मुळीच बसवत नाही.

उत्तराच्या लग्नात मी आहेर म्हणून या घरात आलो. उत्तराची आई प्रेमा. घरात सगळे तिला आये म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. आयेने माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "हो जावयाक." झालं! डांबराच्या गोळ्यांसोबत माझी रवानगी पत्र्याच्या ट्रंकेत. माणसांची ही तऱ्हा मला कधी कळली नाही. चांगली वस्तू पाहुण्याला, विटकी घरच्यांना. उत्तराचे वडील धाकू गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाले होते. ते विरलेल्या पंचाने अंग पुसत, आणि धाकटा मुलगा लवू त्याच पंचाने. जावई दोनदा आला, चहा पिऊन गेला. आंघोळ काही त्याने केली नाही.

लवूला मी ओळखू लागलो ते त्याच्या हातांवरून. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये तो लेथवर काम करायचा. हातांना ऑइलचा वास, पण हात स्थिर. पुढे ते हात बदलले. घरात कोणी नसलं की ट्रंकेचं झाकण उघडायचं आणि थरथरती बोटं आत चाचपडायची. एकदा पितळी समई गेली. एकदा उत्तराच्या बारशातली चांदीची वाटी. मला मात्र तो बाजूला सारायचा. खरं सांगतो, मला राग यायचा. चोरालाही नको झालेली वस्तू होण्यात काय भूषण?

आयेला वाटलं, पोराला बाहेरची बाधा झाली. गावी देवाला गाऱ्हाणं घातलं, अंगारा मागवून लवूच्या उशाखाली ठेवला. खरी गोष्ट धाकूंना वर्कशॉपच्या मालकाने सांगितली. लवू गर्द, म्हणजे नशेची पूड, ओढत होता. ते पंच्याऐंशी साल असेल. आमच्याकडे हा शब्द तेव्हा नवा होता.

"गर्दा म्हणजे धूळच ना?" आये म्हणाली. "धूळ ओढून कोण असो होता काय?"

धाकूंनी लवूला आतल्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. "ऱ्हवांदे आत. आपसूक सरळ होतलो." आवाज रागाचा होता, पण कडी घालताना त्यांच्या हातून ती दोनदा निसटली.

ट्रंक आतल्या खोलीतच होती, त्यामुळे पुढचं सगळं मी ऐकलं. आधी जांभया. मग नाक, डोळे वाहायला लागले. मग हाडं दुखायला लागली आणि पाय असे झाडायला लागला की ट्रंक खडखडायची. उठायचा, बसायचा, भिंतीला पाठ घासायचा, परत उठायचा. मला घडीत जसं कोंडल्यासारखं व्हायचं, तसं त्याला स्वतःच्या कातडीत होत होतं. शेवटी तो दारावर डोकं आपटून ओरडला, "आये, टर्की लागली गो! टर्की! मरतंय मी!"

बाहेर आये हातातलं टाकून उठली. मग कडी निघाली. ती तरातरा आत आली, ट्रंक उघडली आणि मला खेचून बाहेर काढलं.

"घे रे झिला, हो घे! जावई गेलो खड्ड्यात! टर्कीचो टॉवेल होयो होतो तर आधी सांगूचा नाय? एवढ्यासाठी जीव काढतंस?"

लवू माझ्याकडे बघतच राहिला. मग हसायला लागला, आणि हसता हसता ढसाढसा रडला. आयेने मला त्याच्याभोवती गुंडाळलं. माझी पहिली घडी मोडली ती अशी. त्याचा घाम, लाळ, डोळ्यांतलं पाणी, सगळं मी प्यालो. टॉवेलला आणखी काय हवं? मला वाटलं, संपलं आता, पोरगा वाचला.

"आये, आंघोळ करून येतंय," तो म्हणाला. आयेला केवढा आनंद झाला. मला खांद्यावर टाकून तो नळावर गेला आणि नळावरून तसाच पुढे, टेकडी उतरून, कांजूरमार्गाच्या वाटेला लागला.

तिथे कचऱ्याच्या ढिगांमागे एका पडक्या भिंतीच्या सावलीत माणसं ओळीने बसली होती. सगळ्यांच्या माना खाली, गर्दच्या पन्नीवर. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. लवूही त्यांच्यात बसला, धूर ओढला आणि त्याचा झाडणारा पाय थांबला. मला डोक्यावर ओढून तो आडवा झाला. त्याच्या शेजारचा माणूस केव्हापासून हलला नव्हता. थोड्या वेळाने कोणीतरी आलं, त्या माणसाच्या पायातल्या चपला काढून घेतल्या आणि निघून गेलं. मग मला कळलं, तो आता उठणार नाही. मी नुसता वाऱ्यावर फडफडत राहिलो. दुसरं काय येतं मला?

पण त्या फडफडण्याचाच उपयोग झाला. आये शोधत आली होती. त्या मळकट माणसांत तिला लवू ओळखू आला नसता. तिला लांबून माझे गुलाबी पट्टे दिसले. कचरा तुडवत ती धावत आली. आधी तिने शेजारच्याचा चेहरा पाहिला, मग मला बाजूला करून लवूच्या नाकाशी हात धरला. श्वास होता. ती तिथेच मट्‌कन बसली.

उत्तराच्या सासरी, मुलुंडला, शेजारी नंदकिशोर राहत. ते व्यसनी माणसांसाठी एक केंद्र चालवत, आणि स्वतःही कधीकाळी गर्दच्या पायी पार वाया गेले होते. आये लवूला आणि मला घेऊन तिथे गेली.

"घरी काय काय केलंत, मावशी?" त्यांनी विचारलं.

"कोंडून घातला. अंगारो लावलो. मगे टर्की टर्की करूक लागलो, तर हो टॉवेल काढून दिलंय."

बाकावरची दोन पोरं फिस्कन हसली. नंदकिशोर हसले नाहीत.

"मावशी, गर्द उतरली की अंग असं तडफडतं, त्याला ही पोरं टर्की म्हणतात."

आये लाजली. मला पदराखाली लपवू लागली.

"लपवू नका. कडी काढून आत गेलात, त्याला धरून बसलात, ते बरोबरच केलंत. पण तेवढ्याने भागत नाही. हा आजार आहे. आधी हॉस्पिटलमध्ये औषधांनी ही तडफड कमी करतील. मग काही महिने इथे राहायचं. घरी गेल्यावरही दर आठवड्याला बैठकीला यायचं, तुम्ही आणि त्याच्या वडिलांनीसुद्धा."

"बरो होतलो मा?"

"मी आज बरा आहे. उद्याचं उद्या बघीन. तोही घसरेल कदाचित. तेव्हा दार लावू नका, इकडे घेऊन या."

आणि लवू घसरला. हॉस्पिटल झालं, केंद्रात राहणं झालं, कामावरही परत लागला आणि एका संध्याकाळी तारवटलेले डोळे घेऊन घरी आला. धाकू म्हणाले, "माझो झील मेलो." आयेने मला पिशवीत कोंबलं, लवूचा दंड धरला आणि परत मुलुंड गाठलं.

त्यानंतर घरात एक रीत पडली. जीव कासावीस झाला, पाय हलायला लागला की लवू म्हणतो, "आये, टर्की दी." गर्द हवीशी वाटतेय, हे तोंडाने सांगायला त्याला जड जातं. टॉवेल मागायला जात नाही. आये हातातलं काम टाकते, मला त्याच्या खांद्यावर टाकते आणि शेजारी बसून राहते. धाकू अशा वेळी उठून बाहेर जातात.

आज आये उत्तराच्या बाळंतपणासाठी मुलुंडला गेलीय. मी नुकताच धुऊन गॅलरीतल्या दोरीवर पडलोय. आत लवूसमोरचा चहा निवला आहे. पाय हलायला लागलाय. घरात फक्त धाकू आहेत.

"बाबा," लवू म्हणतो. कप बाजूला सारतो. "बाबा, टर्की..."

धाकू उठतात. दोघांचीही नजर दाराच्या कडीकडे जाते. मला दोरीवर राहवत नाही. धाकू दारापर्यंत येतात, दार सताड उघडतात आणि बाहेर येऊन मला खसकन ओढतात.

"ओलो आसा रे."

"असांदे," लवू आतून म्हणतो.

गुंडाळायचं कसं हे त्यांना ठाऊक नाही. ते मला तसाच, निथळता, पोराच्या खांद्यावर टाकतात आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून बसतात. पाय अजून हलतोय. त्यासोबत धाकूंचा हातही हलतोय, पण ते तो काढत नाहीत.

मी फार दिवसांचा सोबती नाही, मध्येच फाटेन. फाटलो तर माझं फडकं करा, पायपुसणं करा, पण घडी घालून ट्रंकेत ठेवू नका. आणि तुमच्या घरात कोणी दाराआडून काही मागत असेल, शब्द कळला नाही तरी आधी कडी काढा.