महाराजांनी गिळलेला तास

घर चिडीचूप होतं. एवढ्यात स्टीलच्या डब्यावर ठेवलेला फोन थरथरला आणि झाकण खुळखुळलं. तिने नुसतं पाहिलं. परदेशातून नवऱ्याचा फोन. आज नववा दिवस. अजून बारा दिवस त्याच्याशी अवाक्षर बोलायचं नाही, अशी महाराजांची आज्ञा होती.

फोन थांबला. मग निरोप उमटला, "माझं काही चुकलं का?" तिने फोन पिशवीत कोंबला आणि लेकीचा, छोटीचा, हात धरून महाराजांचं सभागृह गाठलं.

तिथे मुंगी शिरायला जागा नव्हती. सगळ्या परदेशी कमावायला गेलेल्यांच्या बायका. महाराज बोटाभोवती निळा दोरा गुंडाळत होते.

"विमान तेच, विमानतळ तेच, मधलं अंतरही तेच. जाताना नऊ तास, येताना आठ. मग एक तास गेला कुठे?"

"कुठे, महाराज?" बायांनी विचारलं.

"आम्ही गिळला. अंतर म्हणजे मायेची सुरकुती. आमचा दोरा तिच्यावर इस्त्री फिरवतो. पण बाईने तोंड उघडलं, की सुरकुती पुन्हा पडते."

एक काकू उठल्या. "खरंय. हे गेले नऊ तासांत. मी पोस्टाने दोरा पाठवला, एकवीस दिवस गप्प राहिले. हे आले आठ तासांत."

सभागृह भारावलं. तिचेही डोळे भरून आले. एकटीने दिवस ढकलणाऱ्या बाईला एक तास म्हणजे काही थोडा नसतो.

"महाराज, एक विचारू?"

मागे तिची धाकटी नणंद उभी होती. विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या दुकानात कामाला असलेली. दादाने तिला फोन केला होता, 'वहिनी बोलत नाही, बघ जरा.'

"हे दादाचं दोन वर्षांपूर्वीचं तिकीट. तेव्हा दोरा नव्हता, आणि वहिनीच्या तोंडाचा पट्टा तर अखंड चालू होता." हशा पिकला. "तरी यावर छापलंय, जाताना नऊ तास, येताना आठ. आता जाणाऱ्या विमानाचा तास गिळून दाखवा."

महाराज घोटभर पाणी प्याले. "जाणं मोहाचं, येणं मायेचं. मोहाला दोरा लागू पडत नाही."

"मोह नाही, वारा आडवा येतो. दहा किलोमीटर उंचावर, या वाटेवर वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, नदीसारखा. आपली माणसं पश्चिमेला जातात, म्हणजे प्रवाहाविरुद्ध होडी हाकायची. येताना प्रवाहच ढकलतो. विमानवाल्यांना हे ठाऊक असतं, म्हणून वेळ आधीच छापतात."

काकूंनी बोटांवर दिवस मोजले. "मग मी एकवीस दिवस उगाच..."

महाराज मागच्या दाराने सटकले. तरी एक बाई उरलेले दोरे गोळा करत पुटपुटली, "असू दे गं, नुकसान काय आहे?"

"ते फोनच्या पलीकडे एकट्या बसलेल्या माणसाला विचारा," नणंद म्हणाली.

तर, गोष्ट ऐकणाऱ्या बायांनो, डोळे दिपले की आधी हातातला कागद नीट वाचा. आणि जो आपल्या माणसाशी बोलणं तोडायला लावतो, त्याला चारचौघांत साधा प्रश्न विचारायला कचरू नका.

बाहेर पायरीवर बसूनच तिने फोन लावला. नऊ दिवसांचं सगळं एकदम सांगायला गेली आणि नुसतीच रडली.

"रड," पलीकडून तो म्हणाला, "पण फोन ठेवू नकोस."

छोटीने आईची बाही ओढली.

"आई, बाबा जाताना वारा त्यांना एवढा मागे ढकलतो ना? मग तरी ते का जातात?"