चाखणीच्या खोलीतला टोप

मी एक जुना तांब्याचा टोप आहे. माझं काम ऐकून नाक मुरडू नका, मित्रांनो. मी राहतो त्या द्राक्षमळ्यात एक कुटुंब वाइन बनवतं, आणि चाखून झालेला घोट सगळे माझ्यात थुंकतात. एवढी पिंपं चाखायची, तर गिळून कसं चालेल? दुपारपर्यंत सगळे आडवे होतील!

तांबटाने मला घडवलं तेव्हा मी स्वयंपाकघरात मिरवण्याची स्वप्नं पाहत होतो. नशिबी आली ही गार खोली. या घरात वाइन्सनाही लेकींसारखी नावं आहेत. गडद लाल ती थोरली, हलकी लाल ती मधली, गुलाबी ती धाकटी. पांढरी जिभेला झोंबते म्हणून ती फटकळ, आणि उशिरा खुडलेल्या द्राक्षांची गोड ती शेंडेफळ. पाहुणे त्यांचं तोंड भरून कौतुक करतात. माझ्यात मात्र पाचही जणी एकत्र येतात आणि संध्याकाळी गटारात जातात. खरं सांगतो, मी कंटाळलो आहे. काठ चेपला, कल्हई उडाली, तरी कुणी धड घासतही नाही.

घराचा एक नियम होता. बाबांनी, म्हणजे मळ्याच्या मालकांनी, पहिली चूळ टाकेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. ते म्हणतील तेच खरं.

यंदा बाबा मोठ्या तापातून उठले आणि हट्टाने खोलीत आले. थोरलीच्या एका पिंपातला घोट त्यांनी तोंडात घोळवला, माझ्यात टाकला आणि म्हणाले, "झकास! घाला मोठ्या टाकीत."

मला मात्र आंबट भपका आला. ती पार आंबून गेली होती. टाकीत पडली असती तर वर्षभराची सगळी थोरली नासली असती. बाबांच्या धाकट्या भावाने, म्हणजे काकांनी, टाकीत सोडायची नळी उचललीसुद्धा. तेवढ्यात बाबांच्या लेकीने घोट घेतला आणि तिचा चेहरा उतरला. बाबांचा शब्द आजवर कुणी मोडला नव्हता.

"काका, थांबा," ती म्हणाली. "बाबा, ही आंबलीय."

"काहीतरीच काय!" काका म्हणाले.

बाबांनी पुन्हा घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात धरून ठेवला.

"मला नुसतं ओलं लागतंय गं," ते हळूच म्हणाले. "ताप उतरल्यापासून कशालाच चव नाही. वाटलं, येईल परत."

"मग सांगितलं का नाही तुम्ही?"

"सांगून काय करू? मला दुसरं येतं काय?"

मला फार वाईट वाटलं. मग बाबांनी मला दोन्ही हातांनी उचललं आणि लेकीपुढे ठेवलं.

"आता पहिली चूळ तुझी."

ती खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसली. एकेक पेला चाखायची आणि त्यांना सांगायची, "ही मधली. आधी तुरट लागते, मग मऊ होत जाते." बाबा डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "अजून सांग."

मित्रांनो, मला घासायचं राहिलं तरी चालेल. पण तुमच्या घरात कुणाची चव गेली असेल, तर ताट वाढून तसेच निघून जाऊ नका. घटकाभर जवळ बसा आणि त्यांना सांगा, आज जेवण कसं झालंय ते.